एका माणसाच्या मापाचा गेम कंट्रोलर: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

बाजारात मिळणारा गेम कंट्रोलर दोन हात, दोन चपळ अंगठे आणि खांद्याच्या बटणांपर्यंत पोचणारी बोटं गृहीत धरून बनवलेला असतो. त्यावर दोन जॉयस्टिक, चार दिशांचं पॅड आणि डझनभराहून जास्त बटणं असतात. ज्याचे हात असे चालत नाहीत, त्याच्यासाठी गेम सुरू होण्याआधीच संपते. पण गेमला स्वतःला हाताशी काही देणंघेणं नसतं. तिला फक्त ‘अमुक बटण दाबलं’ एवढा इशारा हवा असतो. तो बोटाने दिला, कोपराने, हनुवटीने की पायाच्या अंगठ्याने, हे कॉम्प्युटरला कळतही नाही. म्हणूनच शाळेत शिकलेल्या विजेच्या एका मंडलाएवढ्या ज्ञानावर तुम्ही एखाद्याला पुन्हा खेळात आणू शकता.

हा लेख कधीच सोल्डर (वितळलेल्या धातूने वायरी जोडणं) न केलेल्या माणसासाठी आहे. आपण कॉम्प्युटरवर चालणारा, चार स्विच आणि एक लहान जॉयस्टिक असलेला कंट्रोलर बनवणार आहोत. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतं. हत्यारं हाताशी असली, तर खर्च बहुतेक वेळा दोन-तीन हजारांच्या आत बसतो. लेखाचा मोठा भाग मात्र वायरींबद्दल नाही, कारण या कामात वायरी सगळ्यात सोप्या आहेत.

पहिली भेट: हत्यारं घरी ठेवून जा

पहिल्या भेटीला सोल्डरिंग आयर्न नको. वही, मोजपट्टी, दोन-तीन लहान उशा आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा एवढं न्या.

बोला ते थेट खेळणाऱ्याशी. आई-वडील शेजारी असतील, उत्तरंही तेच पटापट देतील, पण ‘कुठली गेम खेळायची आहे?’ हा प्रश्न त्याचा आहे. बोलायला वेळ लागत असेल तर थांबा. डोळ्यांच्या इशाऱ्याने हो-नाही सांगत असेल तर तसं विचारा. त्याला मित्रांबरोबर क्रिकेटची गेम खेळायची असताना तुम्ही सोपी म्हणून फुगे फोडण्याची गेम समोर ठेवलीत, तर कितीही उत्तम कंट्रोलर कपाटात जाईल.

मग तो नेहमी बसतो तसाच बसू द्या, व्हीलचेअरवर असो की पलंगावर. त्याला कुठल्या हालचाली हुकमी करता येतात ते बघा. बोटं, मनगट, कोपर, खांदा, मान, हनुवटी, गाल, गुडघा, पावलं, सगळं बघा. बरेचदा घरच्यांनी हाताचाच विचार केलेला असतो आणि पाय बऱ्यापैकी चालतो हे कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. प्रत्येक हालचालीबद्दल वहीत चार गोष्टी लिहा: ती किती अंतर जाते, त्यात जोर किती आहे, दाबल्यावर पटकन सोडता येतं का, आणि वीस मिनिटांनंतरही ती तशीच राहते का.

‘सोडता येतं का’ हा प्रश्न नवशिके हमखास विसरतात. स्नायूंमध्ये ताठरपणा असेल तर दाबणं सोपं आणि सोडणं अवघड असतं. बटण दाबलं जातं आणि हात तिथेच अडकतो. अशा वेळी ती हालचाल उडी मारण्यासाठी निरुपयोगी, पण गाडीचा वेग धरून ठेवण्यासाठी उत्तम ठरू शकते.

जोर मोजायला तो वजनकाटा. काटा बोटाखाली ठेवा आणि ‘जमेल तेवढं दाब’ असं सांगा. आकडा लिहून घ्या. नंतर हात नुसता विसावा घेत ठेवायला सांगा आणि तोही आकडा लिहा. हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा आहे. समजा, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार) असलेल्या मुलाच्या बोटाने काट्यावर जास्तीत जास्त १६० ग्रॅम दाखवले आणि विसावलेल्या बोटाचंच वजन ६० ग्रॅम आलं. कीबोर्डमध्ये वापरतात तो चेरी कंपनीचा एमएक्स रेड स्विच साधारण ४५ ग्रॅम जोरावर चालतो. म्हणजे तो हलका स्विच त्याच्या बोटाखाली ठेवला, तर बोट टेकताक्षणी दाबला जाईल आणि दाबलेलाच राहील. इथे आणखी हलका स्विच शोधून उपयोग नाही. हाताखाली आधार देऊन बोटाचं वजन उचललं पाहिजे, मग तोच स्विच चालेल. सर्वसाधारणपणे, जास्तीत जास्त जोराच्या निम्म्याहून कमी जोरात चालेल असा स्विच निवडा. एकदा दाबता येणं आणि तासभरात शेकडो वेळा दाबता येणं यात मोठं अंतर आहे.

आजाराच्या नावावरून कंट्रोलर ठरवू नका. ढोबळमानाने सांगायचं तर सेरेब्रल पाल्सीत (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) जोर भरपूर असतो पण नेम आणि वेळ साधत नाही. तिथे मोठी, दणकट, एकमेकांपासून लांब बसवलेली बटणं लागतात. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत याच्या उलट असतं. नेम अचूक, पण जोर आणि पल्ला फार थोडा. सगळी बटणं एका तळहाताएवढ्या जागेत बसवावी लागतात. मानेच्या मणक्याला इजा झालेल्या बऱ्याच जणांची बोटं चालत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. पक्षाघातानंतर एकच हात उरला असेल तर दुसऱ्या हाताचं काम पायाखालच्या पेडलांना देता येतं. तरीही एकाच आजाराची दोन माणसं शेजारी बसवलीत, तर त्यांचे कंट्रोलर वेगळे निघतील. खेळणाऱ्याचे फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतील तर त्यांना जरूर विचारा, विशेषतः कुठली हालचाल वारंवार करणं त्याच्यासाठी घातक आहे ते. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी ही मंडळी रोज हेच काम करतात.

गेम सोलून बघा

आता त्याने सांगितलेली गेम तुम्ही स्वतः तासभर खेळा आणि वहीत तीन रकाने करा: सतत लागणारं, अधूनमधून लागणारं, क्वचित लागणारं. मोटार शर्यतीत वळवणं आणि वेग देणं सतत, ब्रेक अधूनमधून, कॅमेरा बदलणं आणि पॉज क्वचित.

पहिला रकाना जेवढा लहान करता येईल तेवढा करा, आणि त्यासाठी आधी गेमच्या सेटिंग्जमध्ये जा. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’मध्ये गाडी आपोआप पुढे जात राहील आणि रस्त्याबाहेर जाणार नाही अशी सोय आहे. ती चालू केली की खेळणाऱ्याकडे वळवणं आणि वस्तू फेकणं एवढंच उरतं. २०२० साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये अशा साठहून जास्त सेटिंग होत्या. बटण धरून ठेवण्याऐवजी एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद, नेम धरायला मदत, वेग कमी करणं, हे आता बऱ्याच गेममध्ये सापडतं. सेटिंगने सुटणाऱ्या अडचणीसाठी बटण बनवण्यात वेळ घालवू नका.

तिसरा रकाना भावंडाला देता येतो. एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावर ‘कंट्रोलर असिस्ट’ (आधीचं नाव ‘कोपायलट’) नावाची सोय आहे, त्यात दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवतात. प्लेस्टेशन ५ वरही तशी सोय आहे. पण ही मदत हवी की नको, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. काही जणांना सोबत आवडते, काही जणांना एक तरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात हवी असते.

मोबाइलबद्दल इथेच सांगतो, कारण आपल्याकडे गेम म्हणजे बहुतेकांसाठी मोबाइलच. अँड्रॉइड फोनला ओटीजी केबलने यूएसबी गेमपॅड जोडता येतो, मात्र स्क्रीनच्या स्पर्शावरच चालणाऱ्या बऱ्याच गेम तो ओळखत नाहीत. बुद्धिबळ, लुडो अशा सावकाश खेळांसाठी अँड्रॉइडमधलं ‘स्विच ॲक्सेस’ आणि आयफोनमधलं ‘स्विच कंट्रोल’ वापरून एका बटणावरही खेळता येतं. वेगवान गेमसाठी मात्र सुरुवात कॉम्प्युटरवरच करा.

तयार घ्यायचं की घरी बनवायचं

हा प्रयत्न नवा नाही. निन्टेन्डोने १९८९ मध्ये छातीवर बांधायचा कंट्रोलर काढला होता. त्यात काडी हनुवटीने हलवायची आणि नळीतून फुंकून किंवा ओढून दोन बटणं चालवायची. पुढे अमेरिकेत २००४ मध्ये एबलगेमर्स आणि ब्रिटनमध्ये २००७ मध्ये स्पेशलइफेक्ट या संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकेका खेळाडूसाठी जुळणी करून देण्याचं काम वाढवलं. कॅनडाची मेकर्स मेकिंग चेंज ही संस्था तर स्विच आणि जॉयस्टिकचे आराखडे फुकट उपलब्ध करून देते. थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर त्यांचा संग्रह आधी चाळा.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्याच्या मागे हेडफोनसाठी असतात तशा ३.५ मिलिमीटरच्या १९ सॉकेटची रांग आहे आणि दोन बाजूंना जॉयस्टिकसाठी यूएसबी. प्रत्येक सॉकेट म्हणजे एक बटण. बाहेरचा कुठलाही स्विच त्यात खुपसला की झालं. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ साठी ॲक्सेस कंट्रोलर आणला. तो गोल आहे, बटणांच्या टोप्या बदलता येतात आणि त्यात बाहेरच्या स्विचसाठी चार सॉकेट आहेत.

खेळणाऱ्याकडे एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशन असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: त्या कंपनीचा हा मूळ डबा घ्या आणि फक्त स्विच घरी बनवा. ही यंत्रं अनोळखी यूएसबी कंट्रोलर स्वीकारत नाहीत आणि तिथे डोकं फोडण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटर असेल तर सगळंच घरी करता येतं.

पहिला स्विच

३.५ मिलिमीटरचा जॅक म्हणजे जुन्या हेडफोनचा जॅक. सहायक साधनांच्या जगात जवळपास सगळे स्विच याच जॅकवर चालतात. म्हणून तुमचा घरगुती स्विचही त्याच जॅकवर बनवा, म्हणजे उद्या विकतचा स्विच आणला किंवा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर घेतला, तरी सगळं एकमेकांना जुळेल.

लागणारं सामान: व्हिडिओ पार्लरच्या मशीनवर असतं तसं ३० मिलिमीटरचं आर्केड बटण, मोनो (दोनच वायरींचा) जॅक लावलेली वायर, हीट श्रिंक ट्यूब (सांध्यावर सरकवून तापवली की आवळून बसणारी नळी) आणि विजेच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स.

१. बटणाच्या खालच्या मायक्रोस्विचला दोन किंवा तीन पाय असतात. तीन असतील तर त्यावर ‘कॉमन’, ‘नॉर्मली ओपन’ आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’ अशा अर्थाच्या खुणा असतात. आपल्याला कॉमन आणि नॉर्मली ओपन हवेत.

२. खुणेवर विश्वास ठेवण्याआधी मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) बीपवर लावून तपासा. बटण दाबल्यावर बीप वाजली पाहिजे, सोडल्यावर थांबली पाहिजे.

३. डब्याला बटणासाठी आणि वायरीसाठी भोक पाडा. मोठं भोक होल-सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) पाडा, पण त्याआधी बटणाची मान व्हर्नियरने (बारीक माप घ्यायची पट्टी) मोजा. स्वस्त बटणांची मापं सांगितल्यापेक्षा एक-दीड मिलिमीटरने वेगळी निघतात.

४. वायर डब्यात घेऊन आत एक गाठ मारा किंवा केबल टाय आवळा. खेळताना वायर ओढली जाणारच. तो ताण गाठीवर यावा, सोल्डरवर नाही.

५. हीट श्रिंक ट्यूबचे तुकडे आधी वायरींवर ओवा आणि मग सोल्डर करा. आयर्नचं टोक पायाला आणि वायरीला एकत्र टेकवा, दोन्ही तापले की सोल्डर त्यांना लावा. नीट बसलेला सांधा चकचकीत आणि उताराचा दिसतो, गोळ्यासारखा दिसला तर पुन्हा तापवा. खिडकी उघडी ठेवा, धूर तोंडावर घेऊ नका आणि काम झाल्यावर हात धुवा, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

६. जॅकच्या टोकावर आणि बुडावर मल्टिमीटर लावून पुन्हा बीप तपासा. कुठली वायर कुठे याने फरक पडत नाही, स्विचला उलट-सुलट नसतं.

जुनी स्टिरिओ ऑक्स केबल कापूनही चालतं. त्यात टोकाची आणि बुडाची वायर घ्या, मधली मोकळी सोडून टेपने झाका.

कमी जोर असेल तर आर्केड बटणाऐवजी कीबोर्डचा हलका स्विच किंवा लांब पात्याचा लिमिट स्विच घ्या. पात्याच्या टोकाशी दाबलं की जोर कमी लागतो, मात्र बोटाला थोडं जास्त अंतर जावं लागतं.

मेंदूचा बोर्ड

स्विचचे इशारे कॉम्प्युटरला कळतील अशा भाषेत देणारा एक बोर्ड लागतो. तीन रस्ते आहेत.

सगळ्यात सोपा म्हणजे ‘झिरो डिले’ नावाने मिळणारा यूएसबी एन्कोडर. त्याच्या सोबत वायरी येतात. बटणाला एक टोक, बोर्डाला दुसरं, की कॉम्प्युटरला गेमपॅड दिसतो. नव्या गेम बहुतेक वेळा एक्सबॉक्स पद्धतीचा कंट्रोलर अपेक्षित धरतात आणि हा बोर्ड जुन्या पद्धतीने बोलतो, म्हणून गेम स्टीमवरून (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) चालवून तिथल्या कंट्रोलर सेटिंगमध्ये बटणं जुळवून घ्या.

दुसरा, रास्पबेरी पाय पिको. बोर्डावरचं लहान बटण दाबून धरत यूएसबी लावलं की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. त्यात जीपी२०४०-सीई हे मोफत फर्मवेअर (बोर्डात भरायचा तयार प्रोग्राम) टाकलं की तो थेट एक्सबॉक्स पद्धतीने बोलतो. कोड लिहायची गरज नाही.

तिसरा, आर्डुइनो लिओनार्डो किंवा त्याचा लहान भाऊ प्रो मायक्रो. खेळणाऱ्याच्या हाताला कंप असेल किंवा सोडायला वेळ लागत असेल तर मी हाच सुचवेन, कारण इथे इशारे गाळण्याचे नियम तुम्ही लिहिता. दुकानात नेहमीचा आर्डुइनो उनो आर३ पुढे केला जाईल. तो घेऊ नका. उनो आर३ स्वतःहून कीबोर्ड किंवा गेमपॅड बनू शकत नाही, लिओनार्डो आणि प्रो मायक्रोवरची ३२यू४ चिप ते करू शकते.

जोडणी तिन्हींत सारखीच. डब्याला ३.५ मिलिमीटरची मोनो सॉकेट बसवा. प्रत्येक सॉकेटचं टोक बोर्डाच्या एकेका पिनला, आणि सगळ्यांची बुडं एकत्र करून ग्राउंडला. सॉकेटवर ठळक आकडे घाला. डब्यावर ‘हेडफोन लावू नये’ असं लिहायला विसरू नका, जॅक सारखाच असल्याने कुणीतरी लावतंच.

चार ओळींत मावणारी मोठी मदत

प्रो मायक्रोच्या कोडमध्ये पिनला आतला पुलअप (पिनला १ वर धरून ठेवणारी बोर्डातली सोय) चालू करा. मग बटण सुटलेलं असताना पिन १ वाचते आणि दाबल्यावर ०. आर्डुइनोच्या कीबोर्ड लायब्ररीने प्रत्येक पिनला एक कळ द्या. बऱ्याच कॉम्प्युटर गेम कीबोर्डवर चालतात, त्यामुळे पहिल्या दिवसासाठी एवढं पुरतं. पुढे गेमपॅड हवा असेल तर त्याची वेगळी जॉयस्टिक लायब्ररी मिळते.

मायक्रोस्विचचे धातूचे पत्रे दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाचे चार दाब दिसतात. म्हणून बदल दिसल्यावर १० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचायचं, हा नेहमीचा उपाय. पण आपल्या कामात हाच आकडा माणसाच्या मापाने बदलता येतो आणि तिथेच घरगुती कंट्रोलरची खरी ताकद आहे. हात थरथरत असेल तर ८० मिलिसेकंदांहून लहान स्पर्श मोजूच नका. एका दाबानंतर हात नकळत पुन्हा आपटत असेल तर पुढचे ३०० मिलिसेकंद ते बटण बहिरं करा. धरून ठेवणं जमत नसेल तर एकदा दाबून चालू, पुन्हा दाबून बंद. एकच स्विच शक्य असेल तर लहान दाबाला एक काम आणि लांब दाबाला दुसरं.

प्रत्येक गाळणीने थोडा उशीर होतो. ८० मिलिसेकंद शर्यतीत चालून जातात, मारामारीच्या गेममध्ये टोचतात. आकडे कोडच्या सुरुवातीला एकत्र ठेवा, म्हणजे खेळणारा समोर असताना ‘आता बघ, आता?’ असं विचारत बदलता येतील.

जॉयस्टिक

लहान जॉयस्टिकच्या आत दोन दिशांना दोन फिरते रोधक असतात. प्रो मायक्रो त्यांना ० ते १०२३ अशा आकड्यात वाचतो आणि मध्य ५१२ च्या आसपास येतो. पुरेशी ताकद असलेला अंगठा शून्यापासून १०२३ पर्यंत जातो. आपल्या उदाहरणातल्या मुलाचा अंगठा कदाचित ४४० ते ५९० एवढाच हलेल. मग तेवढ्याच टप्प्याला पूर्ण डावं आणि पूर्ण उजवं माना. आकडे ताणण्याचं हे गणित आर्डुइनोत एका ओळीत होतं आणि त्याच्या चार मिलिमीटर हालचालीला पूर्ण स्टिअरिंग मिळतं. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजा, हात दोन्हीकडे सारखा जात नाही. मधल्या भागात थोडी मृत जागा, म्हणजे हालचाल मोजायचीच नाही असा टप्पा, ठेवा, नाहीतर विसावलेला अंगठाही गाडी वळवत राहील. ताणलेल्या जॉयस्टिकवर ही मृत जागा कमीत कमी किती पुरते ते खेळून ठरवा.

जॉयस्टिकचं स्प्रिंग जड वाटत असेल तर काडीवर उंच टोपी चढवा. लांबी वाढली की जोर कमी लागतो. हॉल सेन्सरवर चालणाऱ्या जॉयस्टिकही मिळतात. त्यात चुंबक असतं, रोधकासारखं घासणारं काही नसतं आणि त्या जास्त टिकतात.

बसवणं

कंट्रोलर नापास होतात ते बहुतेक इथे. स्विच उत्तम, कोड उत्तम, पण दहाव्या मिनिटाला डबा दोन सेंटिमीटर सरकतो आणि खेळ थांबतो.

शेवटचा डबा बनवण्याआधी पुठ्ठ्यावर जुळणी करा. पुठ्ठ्यावर आणि स्विचच्या बुडाला वेल्क्रो लावा आणि खेळणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे स्विच हलवत राहा. पाच मिलिमीटर इकडे, थोडा तिरका, थोडा खाली. जागा पक्की झाली की पुठ्ठ्यावर पेनाने रेघा मारा, तोच तुमचा आराखडा. डबा मांडीवरच्या ट्रेवर ठेवायचा असेल तर खाली ड्रॉवरमध्ये घालतात ती न घसरणारी जाळी घाला. हनुवटीजवळ किंवा डोक्याच्या बाजूला स्विच हवा असेल तर फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारा क्लॅम्प असलेला मॅजिक आर्म (हवा तसा वळवून घट्ट करता येणारा दांडा) उपयोगी पडतो. मोबाइलचे वाकणारे स्टँड त्या कामाला घेऊ नका, प्रत्येक दाबाला ते मागे जातात.

मनगट आणि कोपर यांना आधार द्या. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून एकावर एक चिकटवले की हवी ती उंची मिळते आणि घाम आला तर पुसता येतात.

काही गोष्टींत तडजोड नको:

– विजेच्या व्हीलचेअरची जॉयस्टिक, ब्रेक, वायरी यांना हात लावू नका, आणि तुमचा डबा त्यांच्या आड येईल असा बसवू नका. श्वासाचं यंत्र, नळ्या असतील तर वायरी त्यांच्यापासून लांब न्या.

– कंट्रोलर फक्त यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवा. अर्थिंग नसलेल्या प्लगवर लॅपटॉप चार्ज होत असेल तर त्याच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येतात. हात झटकन मागे घेता न येणाऱ्या माणसासाठी हे साधं नाही. डबा प्लास्टिकचा ठेवा, स्क्रूची डोकी झाका आणि लॅपटॉप बॅटरीवर किंवा नीट अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटवर चालवा.

– मणक्याच्या इजेमुळे त्वचेला संवेदना नसेल तर कंट्रोलरची कड रुतलेली त्याला कळणार नाही. सगळ्या कडा सॅंडपेपरने गोल करा आणि खेळून झाल्यावर त्वचेवर लाल वळ आहे का ते कुणीतरी बघा. लाली लवकर जात नसेल तर जागा बदलेपर्यंत तो स्विच बंद.

– हात पट्ट्याने बांधायचा असेल तर पट्टा रुंद, मऊ आणि एका ओढीत सुटणारा असावा.

– फुंकून चालवायची नळी पहिल्या प्रकल्पात घेऊ नका. तोंडात जाणाऱ्या वस्तूची स्वच्छता हा वेगळा विषय आहे आणि तिथे थेरपिस्टची साथ लागते.

पहिला खेळ

घरून निघण्याआधी सगळं तपासून घ्या. बोर्ड गेमपॅड म्हणून जोडला असेल तर विंडोजमध्ये ‘यूएसबी गेम कंट्रोलर’ शोधून उघडलं की प्रत्येक बटणाचा दिवा आणि जॉयस्टिकची फुली दिसते. दर स्विच पन्नासेक वेळा दाबा, वायर हलवत दाबा.

मग त्याच्यासमोर ठेवा आणि एका स्विचने सुरुवात करा. एका बटणावर चालणारी साधी गेम लावा, ती जमली की दुसरा स्विच जोडा. चारही एकदम दिले तर मेंदूला नवी जागा शिकायला वेळच मिळत नाही.

तुमचं लक्ष स्क्रीनकडे नको, त्याच्याकडे हवं. तो दाबताना श्वास रोखतोय का? जबडा आवळतोय का? खांदा कानाकडे चढतोय का? तसं असेल तर जोर जास्त लागतोय किंवा जागा लांब आहे. तो सारखा हाताकडे बघतोय का? मग बटणं स्पर्शाने ओळखू येत नाहीत. एकाला सॅंडपेपरचा तुकडा चिकटवा, दुसऱ्याला मऊ फोमचा. हरला म्हणून लगेच काही बदलू नका. नवा कंट्रोलर हाती आल्यावर सगळेच आधी हरतात. तो स्वतःहून ‘पुन्हा’ म्हणाला तर जुळणी बरोबर चालली आहे. ‘पुरे’ म्हणाला तर तिथेच थांबा आणि पुढच्या वेळी काय हलवायचं ते त्यालाच विचारा.

पहिलं सत्र लहान ठेवा. दुसऱ्या दिवशी फोन करून हात-खांदा दुखला का ते विचारा. हे दुखणं बरेचदा त्याच वेळी कळत नाही.

हाती सोपवताना

घरात दुसऱ्या कुणाला तरी जुळणी लावता आली पाहिजे, नाहीतर खेळ तुमच्या सवडीवर अवलंबून राहील. ट्रेवर स्विचच्या जागा रंगीत टेपने आखा, जॅकला आणि सॉकेटला सारखे रंग द्या, बसण्याच्या नेमक्या स्थितीचा एक फोटो काढून घरच्यांच्या फोनवर ठेवा. कोड आणि जोडणीचं चित्र पेन ड्राइव्हवर द्या, चित्राची एक कागदी प्रत डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवा. तुमच्यानंतर दुसरा कुणी तो उघडेल तेव्हा त्याला ती लागेल.

वाढत्या मुलांचे हात लांब होतात, मस्क्युलर डिस्ट्रॉफीत जोर हळूहळू कमी होतो, पक्षाघातानंतर उलट तो परतही येतो. म्हणून स्विच डब्याला कायमचे चिकटवू नका, वेल्क्रो आणि स्क्रूवरच ठेवा, आणि दर तीन-चार महिन्यांनी वजनकाटा घेऊन पुन्हा माप घ्या. सोबत एका पिशवीत एक जादा स्विच, जॅकसह एक जादा वायर, वेल्क्रोचा तुकडा, एक लहान स्क्रू ड्रायव्हर आणि तोच कोड भरलेला दुसरा बोर्ड देऊन ठेवा. बोर्ड क्वचित बिघडतो, पण बिघडतो तो नेमका सुट्टीत, भावंडं जमलेली असताना.